डिस्कमधलं ह्यांचं बोलणं

२६ सप्टेंबर, शुक्रवार

कॉम्प्युटरनं आज संध्याकाळी ऐन वेळी दगा दिला. ह्यांचं बोलणं लावलं होतं — हे नोकरीला होते त्या ओरत्तनाडूच्या कचेरीतली मांजरीची गोष्ट. साहेबांच्या खुर्चीखाली मांजरी व्यालेली, साहेब येऊन बसतात, खालून म्यांव. आणि तिथेच आवाज अडकला. "मग साहेब मणाले — मणाले — मणाले —" आणि पेटीतून कट्-कट्, सुपारी कातरल्यासारखं.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. कुठलं बटण दाबायचं कळेना, म्हणून काहीच दाबलं नाही. थोड्या वेळानं आपसूक पुढे सरकलं, पण कट्-कट् काही थांबली नाही.

हे समोर खुर्चीत. डोळे पाण्यानं भरलेले. रोजच भरतात. डिसेंबरात झटका आला त्यात उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात, आणि भाषा गेली. सगळी. गावची तमिळ, कचेरीतली इंग्रजी, घरची मराठी, वाचणं, लिहिणं. राहिला एक शब्द — बरं. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं. इस्पितळातली वाचा शिकवणारी मुलगी म्हणाली होती, घरची भाषा कानांवर पडत राहू दे. ह्यांच्या आवाजाहून घरचं ते काय असणार? म्हणून रोज संध्याकाळी दिवा लावला की ह्यांचं बोलणं लावते.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी नाद घेतला होता. कॉम्प्युटरपुढे बसायचं, छोटा माइक तोंडाशी धरायचा आणि बोलत सुटायचं. कचेरी, गल्लीतली माणसं, आंबटवरणात चिंच केव्हा घालायची — स्वतः कधी पळी हातात धरली नाही, पण सांगायची हौस! लेक विनुता म्हणायची, अप्पा, इंटरनेटवर टाका. हे म्हणायचे, "नोको. घरांतलं घरांत असूं दे."

घरातच आहे. त्या पेटीत. आणखी कुठे नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

त्यागराज आला. आमचा कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिलेला, दक्षिण रस्त्याला त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. पेटीला कान लावून ऐकलं आणि चेहरा पाडला. "हार्ड डिस्क जातेय, अक्का."

आत एक चकती फिरते म्हणे, तिच्यावरून एक काटा फिरतो, तो अडखळतोय. जोवर फिरतेय तोवर आतलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. सोमवारी नवी डिस्क घेऊन येतो म्हणाला. तोवर चालू राहू दे, पण काही लावू नका.

मी विचारलं, सगळं येईल ना? तो म्हणाला, देवाला सांगा. तमिळमध्ये ते वाक्य फार सोपं वाटतं.

आज संध्याकाळी घरात आवाज नाही. हे खिडकीतून गल्लीकडे बघत बसले आणि लवकर झोपले. मला मात्र डोळ्याला डोळा नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

नवी डिस्क आली. लहानशी, काळी, पत्त्यांच्या जोडाएवढी. वायरीनं पेटीला जोडली आणि उतरवून घ्यायचं काम सुरू झालं. जुनी डिस्क इतकी रखडते की दोन-तीन दिवस तरी लागतील. त्यागराजनं पुन:पुन्हा बजावलं — बंद करायचं नाही. एकदा थांबली की पुन्हा फिरेल याची खात्री नाही.

फोल्डर नावांच्या क्रमानं येणार, एबीसीडी. आधी बिलं, मग कुठले कुठले फोटो. ह्यांनी आपल्या बोलण्याच्या फोल्डरला नाव दिलंय 'व्हॉइस'. म्हणजे शेवटी! मी म्हटलं ते आधी घ्या, बाकीचं गेलं तरी चालेल. तो म्हणाला, अक्का, एकदा लावलंय, आता मधे हात घालायला नको, त्याचा नंबर येईल. मी ऐकलं. त्याच्यापुढे माझं काय चालणार.

ह्यांना पेटीजवळ नेऊन दाखवलं. सावकाश सांगितलं, "ह्याला हात लावायचा नाहीं. बंद झालं तर तुमचं बोलणं अस्की जाईल, कांहीं राहणार नाहीं. कळलं?"

"बरं," म्हणाले.

३० सप्टेंबर, मंगळवार

चालू आहे. बिलं उतरली. विनुताच्या लग्नाचे फोटो उतरताहेत. येता-जाता पडद्याकडे बघते, चुलीवर दूध असावं तसं.

१ ऑक्टोबर, बुधवार

सरस्वतीपूजा.

दुपार झाली आहे.  लिहिते, नाहीतर कुणावर तरी ओरडेन. इथे मोकळं लिहिता येतं. मी लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून ही अक्षरं मला येतात, घरात दुसऱ्या कुणाला येत नाहीत. विनुताला मराठी कळतं, वाचता येत नाही.

सकाळी मी नैवेद्याचं सुंडल, खोबरं घातलेले हरभरे, परतत होते. पुस्तकं रात्रीच चौरंगावर रचून ठेवली होती. आमच्याकडे वस्तूंना गंध लावायचं काम नेहमी ह्यांचं — शिवणयंत्र, विळी, सुरी, स्कूटर, आणि घेतल्यापासून कॉम्प्युटर. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पूजा होईपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. माझ्या माहेरी ह्या दिवशी पेनसुद्धा हातात धरू देत नसत. (मी आत्ता धरलंय. असो.) ह्या वर्षी ते काम मीच करणार होते. बघते तर हे आपण होऊन उठलेले! डाव्या हातात गंधाची वाटी, पाय ओढत यंत्रापाशी गेले, बोट टेकवलं, वर कुंकू. स्कूटरला लावलं. मला इतका आनंद झाला की पदरानं डोळे पुसले. दहा महिन्यांत ह्यांनी आपण होऊन केलेलं हे पहिलं काम. मी पुन्हा चुलीकडे वळले.

प्रसाद घेऊन बाहेर आले तर पडदा काळा. पेटीवर मधोमध गंधाचा ठिपका, त्यावर कुंकू, वर एक झेंडूचं फूल. भिंतीवरचं बटण बंद.

"बंद केलंत?"

"बरं."

मी बटणावर बोट नेलं. आणि थांबले. गंध लागलं होतं. पूजेतल्या वस्तूला हात लावायचा? आधीच ह्या घरावर एक घाला पडलेला. बोट तसंच मागे घेतलं. त्यागराजला फोन केला, तर त्याचं दुकानही बंद, त्याची हत्यारंही पूजेत. "उद्या सकाळी पूजा झाली की लावून बघा, अक्का. तोवर आता काय?"

ह्यांच्यावर चिडू कसं? सवयीनं केलं. वर्षानुवर्षं केलं तेच केलं. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं आणि नेमकं हे राहिलं. सुंडल ताटलीत घालून पुढे ठेवलं आणि आत आले. दिवसभर ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

विजयादशमी. पूजा केली, आरती केली, चौरंग हलवला. बटण दाबलं.

कट्. कट्. कट्. मग तेही नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

त्यागराजनं डिस्क बाहेर काढली. केवढीशी वस्तू! डब्यातल्या वडीएवढी जाड. त्याच्या स्वतःच्या मशीनला लावून बघितली, हातात धरून हलवून बघितली. फिरत नाही.

नव्या डिस्कवर काय काय आलं ते दाखवलं. दिव्याची बिलं आली. पाणीपट्टी आली. लग्नाचे फोटो आले, कुण्या पाहुण्याच्या जेवणाच्या पानाचा फोटोसुद्धा आला. 'व्हॉइस' नाही.

मी त्याच्यासमोर रडले. तो बिचारा अवघडून उभा. "चेन्नईला डिस्क उघडून आतलं काढून देणारे आहेत," म्हणाला. "पण तेही शब्द देत नाहीत."

विनुताशी फोनवर भांडण झालं. ती म्हणाली, "आई, अप्पा हाहेत कीं. समोर बसलेत. तूं डिस्कसाठी कां एवढं रडतेस?"

तिला काय सांगू? हे समोर बसलेत आणि मला ह्यांची आठवण येते. असं कुणाला सांगता येतं का?

६ ऑक्टोबर, सोमवार

विनुता काल चेन्नईहून येऊन डिस्क घेऊन गेली. मी ती जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून दिली. ती म्हणाली, हें काय, लहान बाळ हाहे का? बसस्टँडवर तिला सांगत राहिले, पिशवी खाली ठेवू नको, मांडीवर घे. तिनं शेवटी हात जोडले.

टेबलावर पेटी उघडी पडली आहे. आत डिस्कच्या जागी चौकोनी खाच.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मी कधीच बोलकी नव्हते. ह्या घरात बोलायचं काम ह्यांचं, ऐकायचं माझं. कितीदा कुरकुरले असेन — अहो, जरा गप्प बसा, माझा दोसा करपला. त्या बोलण्यात मीही आहे, मागे. कुकरची शिट्टी वाजते आणि माझा आवाज येतो, "जेवायला येतां का?" हे म्हणतात, "आलों, आलों," आणि बोलतच राहतात.

आज तांदूळ निवडताना मांजरीच्या गोष्टीचा शेवट आठवला. साहेब उठून खाली वाकून बघतात आणि म्हणतात, हजेरीपट आणा, ही वेळेवर आलेली एकटीच हाहे! मी एकटीच हसले. बाहेर येऊन ह्यांना सांगितली, सगळी, पहिल्यापासून. मला काही ह्यांच्यासारखी सांगता येत नाही. साहेबांचा आवाज काढायला गेले तर आमच्या दूधवाल्यासारखा निघाला. तरी हे हसले. अर्ध्या तोंडानं, पण आवाज करून हसले.

मग मला रडू फुटलं. असं नव्हतं ते. ह्यांनी सांगितलेलं असं नव्हतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

चेन्नईहून काही नाही. विनुताला रोज विचारते, ती रोज म्हणते, आई, सारखं विचारूं नोको.

जीव टांगणीला लागलाय. इस्पितळातल्या त्या मुलीकडे आज ह्यांना नेलं होतं. ती म्हणाली, सार, म्हणजे हे, आज तरतरीत दिसताहेत. ह्यांनी तिला चेंडू उचलून दिला, कंगवा ओळखला. मी म्हटलं, ह्यांचं बोलणं ऐकवणं बंद पडलंय, म्हणून मला भीती वाटते, आहे तेही जाईल. ती म्हणाली, मग तुम्ही बोला ना, अम्मा.

मी काय बोलणार? माझ्या बोलण्यात आहे काय!

२० ऑक्टोबर, सोमवार

दीपावली. शेजारची चंद्रमती पहाटेच लाडू घेऊन आली. सगळ्यांना विचारायचं ते ह्यांनाही विचारलं, गंगास्नान झालं का? "बरं." ती घाईनं माझ्याकडे वळली. लोक आता ह्यांच्याशी बोलताना माझ्याकडे बघतात.

तेल मीच लावलं. पूर्वी तेल लावताना हे एवढी बडबड करायचे की तेल तोंडात जायचं. आज डोळे मिटून बसले होते. मी डोक्यावर थापट्या मारत राहिले. किती गप्प. इतकं गप्प माणूस माझ्या घरातलं नाही. हे वाक्य लिहिलं आणि खोडणार होते. राहू दे. खरं आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

काही नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आलं! आलं!

विनुताचा फोन. "आई, 'व्हॉइस' मिळालं. थोडं सोडून अस्की मिळालं." मला पुढचं ऐकू येईना. तिला पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना तीही रडत होती. तिनं तिथे एक लावून ऐकलं म्हणे. "आई, अप्पा कसे बोलत होते! मी विसरूनच गेलें होतें."

देवापुढे साखर ठेवली. ह्यांचे दोन्ही हात हातात घेतले, तो मेलेला हातसुद्धा, आणि सांगितलं — तुमचं बोलणं परत आलं. सगळं. आता कुठे जाणार नाही.

हे माझ्याकडे बघत राहिले. कळलं नसेल.

२ नोव्हेंबर, रविवार

विनुता आली, त्यागराज आला. पेटीत नवी डिस्क बसवली, चार स्क्रू पिळले, झालं. मी समजत होते केवढं मोठं काम असेल. आणखी दोन ठिकाणी नक्कल करून ठेवली. एक विनुताकडे, एक माझ्या कपाटात, साड्यांखाली. त्यागराज हसून म्हणाला, अक्का, आता भूकंप झाला तरी सार बोलत राहतील.

विनुता दुपारच्या गाडीनं गेली. मी आज मुद्दाम लावलं नाही. उद्या. दिवा लावून, नीट बसून, आम्ही दोघंच.

३ नोव्हेंबर, सोमवार

सगळं जसंच्या तसं लिहिते.

दिवा लावला. ह्यांची खुर्ची जवळ ओढली. चत्रातलं बोलणं निवडलं. ओरत्तनाडूच्या चत्राच्या, जुन्या धर्मशाळेच्या, भिंतीला दगडी घोडे आहेत, त्यांच्या पायांशी बसून हे रोज डबा खायचे, ते. मला ते सगळ्यांत आवडतं.

"तर ऐका. मी डबा उघडतों, आणि घोडा वरून बघतो. मी त्याला मणतों, तुला काय पाह्यजे रे, दहीभात?"

कसला आवाज! भरलेला, खोडकर. मागे पंख्याची घरघर, आणि माझ्या भांड्यांचा खणखणाट. मी डोळे मिटले. इतक्या दिवसांनी मला माझा नवरा भेटला, हे लिहायला लाज वाटत नाही.

खुर्ची करकरली म्हणून डोळे उघडले. हे उठले होते. काठी न घेता. टेबलाची कड धरून, पाय ओढत, भिंतीपर्यंत गेले. डाव्या हातानं बटण बंद केलं. आवाज तुटला.

मला वाटलं चुकून झालं. मी उठून पुन्हा लावलं. पुन्हा तेच सुरू केलं. ह्यांनी पुन्हा बंद केलं. मी म्हटलं, अहो, नीट ऐका तरी, तुमचंच आहे. तिसऱ्यांदा मी बटणाकडे हात नेला तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. दुखेल इतकं. आणि रडत होते. रोज रडायचे तसंच. मी रोज समजत होते की आत पोचतंय.

पोचतच होतं.

दिवा विझेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. जेवायला वाढलं. दोघंही जेवलो नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी कॉफी देताना सरळ विचारलं. पूजेच्या दिवशी मशीन बंद केलंत, तें देवीसाठी?

मान हलवली. नाही.

मग?

ह्यांनी कॉफी खाली ठेवली. दोन्ही कान झाकायला गेले. डावा हात डाव्या कानावर गेला. उजवा मांडीवरच राहिला, नुसती बोटं हलली. मी पुढे झाले आणि दुसऱ्या कानावर माझा हात ठेवला.